वर्षाच्या मध्यावर कॉलेज बदललं, शाखा विज्ञान: आधी अभ्यास भरून काढू की मैत्री करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या कारणानं वर्षाच्या मध्यावर कॉलेज बदलावं लागलं. पदवीचं दुसरं वर्ष, विषय भौतिकशास्त्र. नव्या कॉलेजात तीन आठवडे झाले. वर्गात सगळ्यांचे ग्रुप ठरलेले आहेत आणि प्रॅक्टिकलला तू एका जोडीत तिसरी म्हणून उभी असतेस. काही प्रकरणं इथे तू यायच्या आधीच उरकली आहेत आणि जी तुझी तिकडे झाली होती ती इथे आता चालू आहेत. ‘आधी राहिलेला अभ्यास भरून काढते, मैत्रीचं नंतर बघू’ असं ठरवून तू रोज लायब्ररीत एकटी बसतेस, पण पुस्तक उघडं राहतं आणि डोक्यात काही शिरत नाही. मीटर ब्रिजच्या, म्हणजे तारेवर विद्युतरोध मोजायच्या प्रयोगाला शेजारच्या मुलीनं एक शब्द न बोलता आपल्या रीडिंगचं पान तुझ्यापुढे सरकवलं, हेही तू जाता जाता लिहिलं आहेस.

मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे आणि त्यातला बराचसा वेळ प्रयोगशाळेत गेला आहे. जवळजवळ दर वर्षी एखाददुसरं मूल असं मध्येच येतं. त्यांच्याकडे बघून माझं जे मत झालं आहे ते आधी सांगते. तू दोन कामं वेगळी केली आहेस, तिथेच अडचण आहे. विज्ञानाच्या मुलांसाठी राहिलेला अभ्यास आणि नवी मैत्री हे एकच काम असतं. अभ्यास भरून काढायला माणसं लागतात, आणि माणसांकडे जायला तुझ्याकडे सध्या अभ्यासाइतकं चांगलं कारण दुसरं नाही. ते कारण तू लायब्ररीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आहेस.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात उरी ट्राइसमन नावाचे गणिताचे शिक्षक याच कोड्यात पडले होते. कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात हुशार आणि कष्टाळू कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. कारण कष्टांचं किंवा तयारीचं असेल असं बहुतेक प्राध्यापकांना वाटत होतं. ट्राइसमन मुलांच्या सोबत राहून ती अभ्यास कसा करतात ते बघत बसले. पहिल्या गटातली मुलं नेमानं अभ्यास करत होती, पण एकेकटी. अभ्यास एका बाजूला आणि मित्रमंडळी दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या गटातली मुलं आधी एकटी बसत, मग जमत, एकमेकांची उत्तरं तपासत, एकमेकांच्या मांडणीतल्या चुका काढत. एखादं गणित कोणालाच सुटत नसेल तर ते खरंच अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्या मुलाला मात्र वाटायचं, मलाच जमत नाही. ट्राइसमन यांनी मग अवघड गणितं एकत्र बसून सोडवायचे वर्ग सुरू केले आणि त्या मुलांचे निकाल ठळकपणे सुधारले. तुझं पत्र वाचताना मला हीच पहिल्या गटातली मुलं आठवली.

वर्षाच्या सुरुवातीला येणं आणि मध्यावर येणं यात मोठा फरक आहे, तो मी नाकारत नाही. पहिल्या दिवशी सगळेच ओळख शोधत असतात, त्यामुळे कोणीही कोणाशीही बोलतं. मित्या बाक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटासा प्रयोग आहे. नव्यानं दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच भेटीत चिठ्ठी टाकून जागा दिल्या. वर्षभरानंतर विचारलं, तर त्या दिवशी शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची मैत्री बाकीच्यांपेक्षा घट्ट निघाली. म्हणजे तुला जे ग्रुप इतके पक्के दिसतात, त्यातले कित्येक कोण कुठे बसलं एवढ्यावरच जमले असणार. त्यांनी तुला नको म्हटलेलं नाही. त्यांना सवय झाली आहे, इतकंच. सवयीच्या घरात कोणी आपणहून दार उघडत नाही, वाजवलं तर उघडतं.

दार वाजवायची जागा म्हणजे प्रयोगशाळा. लेक्चरला सगळ्यांची तोंडं फळ्याकडे असतात आणि मधल्या सुट्टीत ग्रुप गोल करून बसलेले असतात. प्रॅक्टिकलला मात्र दोन-तीन माणसं एकाच उपकरणावर वाकलेली असतात आणि बोलल्याशिवाय काम होत नाही.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा असाच दुसऱ्या सत्रात आला. अबोल, मान खाली घालून लिहिणारा. साध्या लंबकाच्या टेबलावर एक जोडी होती, तिच्यात मी त्याला तिसरा म्हणून दिलं. त्या दोघांचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर यायला हवं ९.८च्या आसपास, पण दर वेळी १०.८च्या पुढे येत होतं. त्यांनी दोरीची लांबी पुन्हा मोजली, गोळ्याचा व्यास पुन्हा मोजला, स्टॉपवॉच बदललं. हा बाजूला उभा राहून रीडिंग लिहून घेत होता. चौथ्या खेपेला त्यानं हळूच विचारलं, “घड्याळ चालू करताना तू एक म्हणतोस की शून्य?” दोघं थांबले. घड्याळ चालू करताना ‘एक’ म्हटलं की वीस म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच होतात. आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, पाच टक्क्यांनी कमी येतो, आणि सूत्रात त्याचा वर्ग असल्यामुळे उत्तर जवळजवळ अकरा टक्क्यांनी फुगतं. पुढच्या वेळी तिघांनी मिळून मोठ्यानं ‘शून्य’ म्हटलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलंही वळून बघायला लागली. उत्तर ९.७८ आलं. त्या दिवशी जर्नल काखेत मारून तिघं एकत्र बाहेर पडताना मी बघितले.

त्याला चूक दिसली होती आणि ‘तुमचं चुकतंय’ म्हणणं सोपं होतं. त्यानं विचारलं. नव्या माणसानं चूक दाखवली तर तो आगाऊ ठरतो, प्रश्न विचारला तर तो टेबलावरचा एक होतो. तुला तिकडे आधी शिकवून झालेल्या भागाबद्दल हे विशेष सांभाळ. वर्गात ते प्रकरण सुरू झालं की ‘हे आमचं झालंय’ असं मनात येणारच. ते बोलून दाखवू नकोस. शेजारचीला एखादी पायरी अडली तर मात्र वही पुढे कर, शेवटपर्यंत बसून समजाव.

तिसऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा पेन येतं, कारण उपकरणावरचे दोघं आधीच ठरलेले असतात. पहिल्या एक-दोन प्रॅक्टिकलला ते घे, तक्रार नको. रीडिंग लिहिणाऱ्याला सगळं दिसतं. पण महिनाभर तेच केलंस तर दोन नुकसानं होतात. हाताला सवय लागत नाही आणि परीक्षेत उपकरणापुढे तू एकटीच असतेस. शिवाय टेबलावर तुझी ओळख लिहिणारी म्हणून पक्की होते. म्हणून तिसऱ्या प्रॅक्टिकलला विचार, “दर संचाला जागा बदलू या का? पुढची पाच रीडिंग मी घेते.” आणखी एक काम तिसऱ्यासाठी फार चांगलं आहे: रीडिंग येतील तसा लगेच कच्चा आलेख काढत जायचा. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की तिथल्या तिथे कळतं, प्रयोग मोडून ठेवल्यावर नव्हे. तुझ्यामुळे त्या दोघींचं अख्खं प्रॅक्टिकल पुन्हा करायचं वाचलं, तर पुढच्या वेळी तुझ्यासाठी त्या जागा धरून ठेवतील.

प्रयोगशाळेत वाट बघण्याचा वेळही खूप असतो आणि तो मला मोलाचा वाटतो. स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग आठव. सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर दिसतो, कारण सुरुवातीला आतला निऑन पेटतो. सोडियमची वाफ होऊन तो पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं जातात. तोपर्यंत स्लिट, म्हणजे प्रकाश आत सोडणारी फट, बघून काही उपयोग नसतो. अंधाऱ्या खोलीत दोघी-तिघी दिव्याकडे बघत उभ्या असतात, कोणाला कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि बोलायला मुद्दाम विषय काढावा लागत नाही. बुजऱ्या मुलांची मोठी संभाषणं मी त्याच वेळात होताना ऐकली आहेत. ती पाच-सात मिनिटं मोबाइलमध्ये घालवू नकोस.

आता राहिलेल्या अभ्यासाचं. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेव आणि तीन खुणा कर: तिकडे झालं इथे व्हायचंय, इथे झालं माझं राहिलंय, आणि दोन्हीकडे झालं पण पद्धत वेगळी. पहिल्या दोन खुणा सगळेच करतात. मुलं फसतात ती तिसरीत. ऊष्मागतिकीचा पहिला नियम घे. भौतिकशास्त्राच्या वहीत आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे दिलेली उष्णता वजा प्रणालीनं केलेलं कार्य, तर रसायनशास्त्राच्या वहीत उष्णता अधिक प्रणालीवर केलेलं कार्य. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कार्य कोणाच्या बाजूनं मोजलं ते वेगळं. प्रकाशाच्या प्रकरणातही तसंच. कुठलं अंतर धन आणि कुठलं ऋण याचा नियम म्हणजे चिन्हसंकेत. कुठे कार्टेशियन चिन्हसंकेत वापरतात, तर कुठे खऱ्या प्रतिमेचं अंतर धन धरतात. एका शिक्षकांची वही आणि दुसऱ्यांचं सूत्र एकत्र केलंस की उत्तराचं चिन्ह उलटं येतं, आणि आपल्याला विषयच येत नाही असं वाटायला लागतं. तुझ्या पत्रातलं ‘मला आता काहीच येत नाही’ हे वाक्य अशाच कशातून तरी आलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

असे प्रश्न वर्गातल्या मुलीला विचारायला उत्तम. “नोट्स देशील का?” हा प्रश्न फार मोठा आहे. समोरची संकोचते, कारण अख्खी वही द्यायची म्हणजे तिचाही अभ्यास अडतो. “भिंगाच्या लेक्चरला सरांनी कुठला चिन्हसंकेत घेतला होता? तेवढं एक पान बघू?” याला कोणी नाही म्हणत नाही. पान घेतलंस की दुसऱ्या दिवशी परत कर आणि त्यातलं काय कळलं ते एका वाक्यात सांग. अमेरिकन राजकारणी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिननी आत्मकथेत लिहिलं आहे की विधिमंडळातल्या एका विरोधकाशी त्यांचं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्याकडे त्याच्या संग्रहातलं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं आणि आठवड्याभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं. त्यानंतर तो माणूस आपणहून बोलायला लागला, आणि पुढे ती मैत्री आयुष्यभर टिकली. आपण ज्याला मदत केली तो माणूस आपल्याला जवळचा वाटू लागतो. मदत मागणं म्हणजे ओझं टाकणं, असं मध्येच आलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला वाटत असतं. मागणी छोटी आणि नेमकी असेल तर ते खरं नाही.

शिक्षकांकडून काय मागायचं तेही लिहून ठेव. कायमची एकच बॅच आणि कायमचं टेबल माग. जागा रिकामी असेल तिथे उभी राहा, असं चालू राहिलं तर दर वेळी नवे चेहरे आणि कोणाशीच ओळख नाही, असं होतं. राहिलेल्या प्रयोगांची यादी माग, आणि त्यातले कुठले पुन्हा लावले जाणार आहेत ते विचार. आधीच्या कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या नोंदी आणि अंतर्गत गुण इथे धरले जाणार की नाही, हे लेखी घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. आणि एक गोष्ट जी हमखास राहून जाते: वर्षाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेच्या सुरक्षिततेच्या सूचना दिल्या जातात, त्या तू ऐकलेल्याच नाहीस. मेन स्विच कुठे आहे, अग्निशामक कुठे, पारा सांडला किंवा लेझरचा प्रयोग असला तर काय करायचं, हे लॅब असिस्टंटकडून दाखवून घे. प्रयोगशाळेतल्या काकांना कुठला गॅल्व्हॅनोमीटर अडकतो आणि कुठल्या टेबलावरची मुलं समजावून सांगतात, हे दोन्ही माहीत असतं. माझ्याकडे मध्येच आलेल्या मुलांची पहिली ओळख बहुतेक वेळा त्यांच्याशीच होते.

किती दिवस लागतील, असंही तू विचारलं आहेस. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांचा अभ्यास करून २०१८ साली काही अंदाज मांडले. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणण्याइतकं व्हायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २००हून अधिक. तुझ्या हिशोबात बघ. आठवड्याला दोन-दोन तासांची दोन प्रॅक्टिकलं धरली तरी तीन आठवड्यांत बारा तास होतात, आणि त्यातला किती वेळ तू खरोखर कोणाशी बोललीस? तीन आठवड्यांत मैत्रीण झाली नाही यात तुझं काही चुकलेलं नाही. घड्याळच अजून तिथे पोचलेलं नाही. मात्र त्याच अभ्यासात असंही दिसलं की वर्गात किंवा कामावर नुसते शेजारी घालवलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, थट्टामस्करी, एकमेकांची खबरबात, यांनी जवळीक वाढते. म्हणून प्रयोगशाळेत सुरू झालेलं बोलणं दाराबाहेर नेणं गरजेचं आहे. “ही गणनं आत्ताच बसून उरकू या का, नाहीतर राहून जातील” एवढं वाक्य पुरतं. अर्धा तास गणनं होतात, पुढचा अर्धा तास आपोआप दुसऱ्याच गोष्टींत जातो.

लेक्चरला रोज त्याच जागी बस आणि पाच मिनिटं आधी ये. साधी गोष्ट आहे, पण तिला आधार आहे. मोरलंड आणि बीच या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार तरुणींना एका वर्गात सत्रभर वेगवेगळ्या वेळा नुसतं बसवलं: एक कधीच गेली नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ वेळा. त्यांनी कोणाशी बोलायचं नव्हतं. शेवटी फोटो दाखवून विचारलं, तर जी जास्त वेळा आली होती ती विद्यार्थ्यांना जास्त आवडली. नुसता चेहरा ओळखीचा होणं इतकं काम करतं. तू लेक्चर चुकवून लायब्ररीत राहिलेलं प्रकरण वाचत बसतेस, ते आधी बंद कर.

एक वाक्य जपून वापर: ‘आमच्या कॉलेजात असं नव्हतं.’ तुला ते आठवणीतून येतं, ऐकणाऱ्याला तुलनेसारखं लागतं. जुन्या मैत्रिणींशी बोलत राहा, त्यांना तोडायची काहीच गरज नाही. फक्त कॉलेजच्या वेळेत, मधल्या सुट्टीत फोन काढून त्यांच्याशी बोलत उभी राहिलीस तर आजूबाजूच्यांना वाटतं, हिला कोणाची गरज नाही. तो फोन संध्याकाळी कर.

एखादा ग्रुप तुझ्याकडून फक्त जर्नल उतरवून घेतोय, सबमिशन झालं की ओळखही देत नाही, असं झालं तर दोनदा बघ आणि तिसऱ्यांदा शांतपणे नाही म्हण. आणि उदास वाटणं दोन आठवड्यांहून जास्त रोज राहिलं, झोप-भूक बिघडली, कॉलेजला जाऊच नये असं वाटू लागलं, तर तो मैत्रीचा प्रश्न समजून एकटीनं सोडवत बसू नकोस. घरात सांग, कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेट. रडू येतं असं तू लिहिलं आहेस, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते आहे.

शेवटी तू विचारलंस, सुरुवात कोणापासून करू? त्या मीटर ब्रिजवाल्या मुलीपासून. तिचं नाव तू लिहिलेलं नाहीस, बहुधा तुला ते माहीत नसावं. तिनं सरकवलेल्या पानावर संतुलन लांबी, म्हणजे गॅल्व्हॅनोमीटर शून्य दाखवतो तिथपर्यंतची तारेची लांबी होती, आणि त्याच प्रयोगात दोन्ही रोधांच्या जागा बदलून पुन्हा रीडिंग घ्यायची असतात. त्यामुळे तारेच्या टोकांशी येणारी चूक बरीच कमी होते. ती दुसरी रीडिंग तुझ्या वहीत आहेत का बघ. नसली तर उद्या तिला नाव विचार, पान परत दे आणि म्हण, “अदलाबदलीनंतरची माझी राहिलीत. तुझी झाली असतील तर पुढच्या वेळी मी घेताना मला जरा दाखवशील?”